मैदानासाठी हरकत घ्या, काकूंविरुद्ध नको

आदरणीय काका,

मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या बाजूला आमचा लेआउट आहे. १९९८ मध्ये तीन हजार फुटांचा प्लॉट घेतला, पुढे गुंठेवारीत आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळालं आणि मग घर बांधलं. लेआउटला लागून एक मोठी मोकळी जागा आहे. सगळे तिला मैदानच म्हणतात. गेल्या आठवड्यात पेपरात जाहीर सूचना आली की त्या जागेवरचं ‘खेळाचे मैदान’ हे आरक्षण काढून ती निवासी विभागात घेण्याचा फेरबदल नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली प्रस्तावित आहे आणि हरकतींसाठी एक महिना आहे. त्याच आठवड्यात शेजारच्या काका-काकूंनी आपला बंगला बिल्डरला दिला. तिथे फ्लॅटची स्कीम होणार. बिल्डर आमच्याकडेही येऊन गेला. दोन्ही प्लॉट एकत्र केले तर आम्हाला दोन फ्लॅट देतो म्हणाला. आमचे हे म्हणतात, सही करून मोकळे होऊ. मी कॉलनीतल्या बायकांना घेऊन मैदान आणि स्कीम या दोन्हींविरुद्ध एकच अर्ज द्यायचं ठरवलं, तेव्हापासून काकू माझ्याशी बोलत नाहीत. वीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच गच्चीवर कुरडया घातल्या आहेत. लोक म्हणतात, मैदान नगरसेवकानेच विकलं. खरं असेल का? आणि मी चुकते आहे का?

एक वाचक भगिनी, नागपूर

ताई,

अर्ज द्यायचं ठरवलंत, यात काहीच चूक नाही. एकच अर्ज द्यायचं ठरवलंत, ते मात्र चुकतंय. मैदान हा सगळ्या वस्तीचा प्रश्न आहे आणि काकूंचा प्लॉट काकूंचा आहे. दोन्ही एका कागदावर आले की वाचणारा पहिल्याच पानावर ठरवून टाकतो की हे शेजाऱ्यांचं भांडण आहे, आणि मैदान त्यात बुडून जातं. नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. असे अर्ज फायलीला लागताना मी पाहिले आहेत, आणि त्यांचं पुढे काय होतं तेही. म्हणून आजच्या आज त्या अर्जातून काकूंचं नाव काढा.

आता मैदान. आधी हातातली मुदत मोजा, कारण बाकी सगळं त्यानंतर. हरकतीचा महिना तुम्ही पेपर वाचला त्या दिवसापासून धरू नका. सूचनेच्या शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं की महिना कोणत्या तारखेपासून. बहुतेक वेळा तो राजपत्रात सूचना छापली त्या दिवसापासून असतो, आणि पेपर तुमच्या हाती पडेपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असू शकतात. ते कात्रण कापून फ्रिजवर लावा आणि शेवटची तारीख लाल पेनाने लिहा. मी हे एवढं आवर्जून सांगतो कारण आमच्या स्वतःच्या लेआउटमधली बागेची जागा अशीच गेली. शंभरावर सह्या गोळा केल्या होत्या. दिवाळीत लोक गावी गेले, सह्यांसाठी आम्ही थांबलो आणि अर्ज घेऊन पोचलो तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. खिडकीवरच्या माणसाने कागद घेतला, शिक्काही मारला, पण सुनावणीच्या यादीत आमचं नाव आलं नाही. तिथे आज पार्किंग आहे. रोज सकाळी मी त्या फाटकासमोरून जातो. सह्या कमी असल्या तरी चालतात, ताई. एकट्या माणसाची हरकतसुद्धा हरकतच असते. तुमची उद्या द्या, बाकीच्यांच्या मागून येऊ द्या.

दुसरं काम, हे मैदान नेमकं कोणतं ते शोधा. नागपुरात ‘मैदान’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक असते लेआउटची खुली जागा. लेआउट मंजूर होताना मालकाने प्लॉट पाडण्याआधी सोडलेली, साधारण दहा टक्के. ती प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी असते आणि मूळ मालकाला ती परस्पर विकता येत नाही. दुसरी असते विकास आराखड्यात आरक्षण टाकलेली जागा. ती कुणाच्या तरी खासगी मालकीची असू शकते. आपल्या शहराचा सध्याचा आराखडा २००० साली मंजूर झाला. त्या नकाशात तुमच्या जागेवर मैदानाचं आरक्षण दाखवलेलं असेल, पण त्यामुळे ती जागा महापालिकेची झाली असं होत नाही. आरक्षण म्हणजे फक्त राखून ठेवलेली जागा. ती घ्यायची तर भूसंपादन करावं लागतं किंवा मालकाला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावा लागतो. तुमच्या सूचनेत ‘आरक्षण’ हा शब्द आहे, म्हणजे तुमची जागा दुसऱ्या प्रकारातली दिसते. तरी खात्री करून घ्या. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो, आणि भूमी अभिलेखातून आखीव पत्रिका किंवा सातबारा. हे तीन कागद समोर ठेवले की मालक कोण आणि नकाशात काय, दोन्ही उघडं होतं.

त्यावरूनच तुमच्या नगरसेवकाच्या प्रश्नाकडे येतो. कुणी काय केलं ते मला ठाऊक नाही, आणि पुरावा नसताना तुम्हीही अर्जात तसं लिहू नका. पण कायदा कसा चालतो ते सांगतो. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्याच्या कलम १२७ मध्ये जमीनमालकालाही एक हक्क दिला आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे गळून पडतं. आपल्या आराखड्याची दहा वर्षं केव्हाच उलटली. मोबदला नाही, बांधकामाची परवानगी नाही आणि कुंपण घातलं तर पोरं उड्या मारून आत येतात, अशा स्थितीत वीस-पंचवीस वर्षं काढलेला तो मालकही आपल्यासारखाच माणूस आहे. त्याचा राग समजून घेतलात तर तुमची हरकत जास्त पक्की होईल. तुमच्याकडे निघालेली सूचना मात्र कलम ३७ ची आहे. याचा अर्थ बहुधा असा की आरक्षण अजून गळलेलं नाही, ते मुद्दाम उठवलं जातंय. फायलीत १२७ ची नोटीस आहे का आणि तिची तारीख काय, हे नक्की बघा. तुमच्या हरकतीची दिशा त्यावर ठरेल.

फायल पाहायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. त्या उत्तराला ३० दिवस मिळतात आणि हरकतीलाही तेवढेच. उत्तर येईल तेव्हा मुदत गेलेली असेल. प्रस्तावाचा नकाशा नागरिकांना पाहण्यासाठी कुठे ठेवला आहे ते सूचनेतच दिलेलं असतं. मनपाचा फेरबदल असेल तर सिव्हिल लाइन्सला, नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या योजनेतली जागा असेल तर सदरच्या ऑफिसात जावं लागेल. सूचना कोणी काढली ते नीट वाचून निघा. उन्हात एका ऑफिसातून दुसऱ्यात पाठवलं की माणूस तिथेच कंटाळून जातो. नकाशावर निवासी विभाग पिवळा असतो, मैदानं-बागा हिरव्या. तुमच्या वस्तीभोवती अर्ध्या किलोमीटरात आणखी हिरवं किती आहे ते बोटाने शोधा आणि वहीत लिहून आणा.

का, ते सांगतो. अर्जात लोक लिहितात, ‘आमची मुलं इथे खेळतात, बुजुर्ग फिरायला जातात, कृपया मैदान वाचवा.’ सगळं खरं असतं. पण फेरबदलाचा निर्णय या वाक्यांवर होत नाही, नियोजनाच्या कारणांवर होतो. आणि तुमच्याकडे असं एक कारण आहे जे धरमपेठ किंवा रामदासपेठेत राहणाऱ्याकडेही नाही. तुमचा लेआउट आरएलचा आहे. नागपुरातले हे शेकडो लेआउट, ज्यांना आपण त्यांच्या संख्येवरून ‘५७२’ आणि ‘१९००’ म्हणून ओळखतो, शेतीचे तुकडे पाडून झाले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित केले आणि लोकांनी विकास शुल्क भरलं. पण मूळ मालकाने प्लॉट पाडताना त्यातल्या कितीतरी ठिकाणी खुली जागा सोडलीच नव्हती. आपल्या लेआउटचा नियमित झालेला नकाशा काढून बघा. त्यात खुली जागा नसेल किंवा नावापुरती असेल, तर हेच तुमच्या हरकतीचं पहिलं वाक्य: या वस्तीला लेआउटमधून मोकळी जागा मिळालेली नाही, आराखड्यातलं हे आरक्षण हीच तिची एकमेव मोकळी जागा आहे, आणि आजूबाजूच्या इतक्या लेआउटमधल्या इतक्या घरांची भिस्त तिच्यावर आहे. घरं मोजा. गल्लोगल्ली फिरून मोजलेला आकडा कुणालाही खोडता येत नाही.

दुसरं वाक्य कायद्यातूनच घ्या. कलम ३७ खाली असाच फेरबदल करता येतो ज्याने आराखड्याचं स्वरूप बदलणार नाही. वस्तीचं एकमेव मैदान काढणं हा किरकोळ फेरबदल कसा, असं विचारा. तिसरं, बदली मैदान कुठे देणार ते विचारा. चौथं पाण्याचं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक छातीइतक्या पाण्यात उभे होते. तुमचा भाग त्या काठावर नाही, पण पावसाळ्यात तुमच्या तीन गल्ल्यांचं पाणी कुठे जाऊन जिरतं ते तुम्हालाच माहीत आहे. जिरत असेल त्या मैदानात, तर पाणी साचल्याचे फोटो तारखेसकट जोडा.

आणि नुसता विरोध करून थांबू नका, पर्याय लिहा. मालकाला जागेच्या बदल्यात टीडीआर देता येतो, दाट वस्तीबाहेर जागेच्या क्षेत्राच्या दुप्पट. तो घेऊन मालकाने जागा सोपवावी, अशी तजवीज करा म्हणावं. मालकाचं नुकसान न करता मैदान राहू शकतं हे तुम्ही स्वतः मांडलंत की सुनावणीत तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. माझ्या पाहण्यात जी दोन-तीन मैदानं वाचली, ती अशाच अर्जांनी वाचली. मोर्चाने वाचलेलं मला एकही आठवत नाही.

सुनावणीत घाबरू नका. नाव पुकारलं की उभं राहायचं, चार मुद्दे वाचायचे आणि कागद द्यायचा. ‘तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर सांगा की शेजारच्या रहिवाशाला संबंध असतो. १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, बागेसाठी ठेवलेली जागा नर्सिंग होमला देण्याचा निर्णय रहिवाशांच्या तक्रारीवरून रद्दबातल ठरला आणि ते रद्द होणं सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं. सुनावणीनंतर प्रस्ताव राज्य सरकारच्या मंजुरीला जातो, म्हणजे तुमच्या ऑफिसात सगळं संपत नाही. अर्जाची एक प्रत नगररचनेच्या नागपूर विभागाच्या सहसंचालकांनाही द्या. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक घ्या.

आता काकू.

त्यांना स्कीम करायचा हक्क आहे, तुमच्या हरकतीने तो जाणार नाही आणि जाऊही नये. मुलं बाहेर, गुडघे दुखतात, तीन हजार फुटांचं अंगण झाडवत नाही. असे कितीतरी बंगले आज मानेवाड्यात, नरेंद्रनगरात, त्रिमूर्तीनगरात बिल्डरकडे जात आहेत, आणि प्रत्येकामागे एक थकलेलं जोडपं आहे. २ डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तिच्यात किती बांधायचं हे मुख्यतः रस्ता ठरवतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं तो आकडा, १.१, बस. ९ मीटर झाला की प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर घेऊन ०.४, म्हणजे एकूण २ पर्यंत. दोन्ही बाबतींत त्यावर अनुषंगिक म्हणून, पैसे भरून, आणखी ६० टक्क्यांपर्यंत. तीन हजार फुटांच्या प्लॉटवर याचा हिशेब मांडा: अरुंद रस्ता असेल तर जास्तीत जास्त ५,२८० चौरस फूट, ९ मीटरचा असेल तर ९,६०० पर्यंत. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, आणि पार्किंग सोडताना प्रत्यक्षात कमी बसतं, पण फरक केवढा ते कळतं. सगळा खेळ तुमच्या ‘तीस फुटी’ रस्त्यावर आहे. तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर. जेमतेम बसतो.

तेव्हा तुमच्या लेआउटच्या नकाशात तो रस्ता ९ मीटरचाच आहे का, तेवढं तपासा. नसेल तर स्कीमच्या मंजुरीबद्दल लेखी विचारणा करायला तुम्हाला जागा आहे. टेप घेऊन रस्ता मोजायला गेलात तर मात्र मन घट्ट करा. आम्ही एकदा मोजला होता. मुलाने टेपचं एक टोक समोरच्या कंपाउंडला धरलं, मी आमच्या बाजूला, आणि आकडा साडेसव्वीस फूट आला. नकाशात तीस. उरलेले साडेतीन फूट गाडी चढवायच्या उतारात, तुळशीच्या ओट्यात आणि मी स्वतः लावलेल्या जास्वंदीच्या वाफ्यात गेले होते. वाफा मी त्याच महिन्यात काढला.

काकूंकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या भांडून मिळत नाहीत, चहा पिताना मिळतात. कुलर कुठे लागणार? नागपूरच्या मे महिन्यात प्रत्येक खिडकीला कुलर लटकतो आणि कुलरला मागून मोकळी हवा लागते. तुमच्या बेडरूमसमोर चार मजल्यांचे कुलर लागले तर त्यांचा आवाज आणि ठिबकणारं पाणी रात्रभर तुमच्याकडे. ती खिडक्यांची बाजू आर्किटेक्टला आत्ताच, नकाशा कागदावर असताना, फिरवता येते. भिंत उभी राहिल्यावर कुणी फिरवत नाही. बोअर कुठे मारणार, जुनं घर पाडताना तुमच्या कंपाउंडला आधार काय देणार, रेती-गिट्टी रस्त्यावर किती दिवस राहणार, हेही तेव्हाच ठरवून घ्या आणि बिल्डरकडून एका कागदावर लिहून घ्या. काकूंनी एक फोन केला तर बिल्डर हे ऐकतो. तुमच्या अर्जाने ऐकणार नाही.

यजमानांना सांगा, सही करायची तर करा, पण मैदानाची मुदत संपेपर्यंत थांबा. बिल्डर दोन्ही प्लॉट एकत्र मागतोय त्याचा हिशेब त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे अजून नाही. दोन प्लॉट मिळून ५५७ चौरस मीटर होतात आणि फ्लॅट आठांच्या वर गेले की महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी टाळता येत नाही. ते तुमच्या फायद्याचं आहे. एकट्या प्लॉटची स्कीम ५०० चौरस मीटरच्या आत राहते आणि नोंदणीच्या बाहेर पडते. ‘दोन फ्लॅट’ हे काही मोजमाप नव्हे. चटई क्षेत्र किती, कोणत्या मजल्यावर, तोपर्यंतचं भाडं किती, हे नोंदणीकृत करारात आलं पाहिजे. नकाशा मंजूर होऊन हातात येईपर्यंत घराची किल्ली द्यायची नाही आणि सरसकट मुखत्यारपत्र द्यायचंच नाही. यावर पुन्हा सविस्तर लिहा, मी उत्तर देईन. घाईत एवढंच.

हरकत देण्याच्या आदल्या दिवशी काकूंकडे जा. अर्जाची प्रत घेऊन जा आणि त्यांना वाचून दाखवा, म्हणजे त्यात त्यांचं नाव नाही हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसेल. मग सही मागा. त्यांच्या नव्या फ्लॅटसमोर मैदान असलेलं त्यांनाही हवंच असेल, आणि ज्यांनी स्वतःचा प्लॉट बिल्डरला दिला त्यांची मैदानासाठी सही असणं सुनावणीत फार मोलाचं आहे. नाही दिली तरी चहा घेऊन या. त्यांचं घर पाडायला अजून काही महिने आहेत, तोवर गच्ची तिथेच आहे.